तूस, राख आणि खुराडं

कोंबडी रवणीला बसवायची म्हटलं की पोशीरकडच्या घरात आधी पाटी शोधली जाते. बांबूची, जुनी, कड सुटलेली असली तरी चालते. तळाला राखेचा थर, त्यावर भाताचं तूस, वर हाताने चुरगाळून मऊ केलेला पेंढा आणि किडा-मुंगी लागू नये म्हणून निर्गुडीचा एखादा डहाळा. मधोमध मुठीने दाबून खळगा केला की त्यात दहा-बारा अंडी मावतात. मग खुडूक कोंबडी त्यावर अंग फुलवून बसते ती एकवीस दिवस. दाणा-पाण्यापुरती उठते, की पुन्हा पाटीत.

या पाटीतला एकही थर मुद्दाम कुठून आणलेला नसतो. राख चुलीची, तूस घरच्या भाताचं, पेंढा खळ्यावरचा. घरात ज्याला दुसरा कोणी मागणारा उरला नाही, ते कोंबडीच्या वाट्याला आलेलं असतं. कोंबड्यांखाली काय अंथरायचं, हा प्रश्न आज दुकानात पिशव्या बघून सोडवला जातो. कर्जत-खालापुरात तो कित्येक पिढ्या असा उरल्यासुरल्यातून सुटत आला. म्हणून खुराड्याच्या तळाशी काय होतं हे पाहत गेलं, की त्या त्या काळात गावात कशाला किंमत नव्हती ते कळतं.

पोशीर हे कर्जत तालुक्यातलं, नेरळहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. याच नावाची नदी पुढे उल्हास नदीला मिळते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सगळा मुलूख भाताचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इंग्रजी अमदानीत कर्जत तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ साली तो कुलाब्यात गेला आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं. जिल्हा बदलला तरी पीक तेच राहिलं. १९१९ साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे.

जिथे एवढं भात पिकतं तिथे पेंढ्याला काय तोटा, असं वाटेल. पण पेंढ्याचे मालक आधीच ठरलेले असत. पहिला हक्क गुरांचा. भात झोडून झालं की पेंढा उडव्यात रचला जाई आणि पावसाळा संपेपर्यंत काडी काडी पुरवावा लागे. दुसरा हक्क छपराचा, कारण गरिबाचं घर गवता-पेंढ्यानेच शाकारलेलं असे. आणि तिसरा हक्क राबाचा.

राब म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा पेरणीआधी भाजून काढणं. खाली शेण, त्यावर झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा, मग गवत किंवा पेंढा, वरून मातीचा पातळ थर. पाऊस पडण्याआधी ते सगळं पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येतं. कोकणातला शेतकरी राबाशिवाय भाताची कल्पना करत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगलं राखीव करायला घेतली, टहाळ तोडण्यावर बंधनं आली, आणि हा राब राजकारणाचा विषय झाला. मुंबई सरकारने १८८५ साली वन आयोग नेमला, त्याच्यापुढे ठाणे आणि कुलाबा भागातल्या रयतेची जी गाऱ्हाणी आली त्यांत राबाचा टहाळ हे मोठं गाऱ्हाणं होतं. राब खरंच लागतो की तो नुसता रूढीचा भाग आहे, हे तपासायला शेतकी खात्याने प्रयोगही केले.

ऐनाच्या फांदीसाठी आणि वाळक्या पानासाठी जिथे सरकारशी वाद चालला होता, तिथे कोंबडीसाठी पालापाचोळा पसरणार कोण? उलट खुराड्यातून निघालेला केरही उकिरड्यावर आणि पुढे शेतात जाई. कोंबडीच्या वाट्याला उरे ती राख.

राखेला मात्र तोटा नव्हता. लाकडाच्या चुली दिवसभर पेटत्या असत. भांडी घासून, दात घासून, बी-बियाणात मिसळूनही राख उरेच. संध्याकाळी कोंबड्या घराच्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकल्या जात किंवा कुडाच्या खुराड्यात कोंडल्या जात. दाराशी फळी आणि फळीला दगड, कारण रानमांजर रात्रभर फिरतीवर. तळाला शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर फिसकारलेली राख. सकाळी खराट्याने झाडलं की राखेत घोळलेली विष्ठा सुकी होऊन निघून येई. कोंबड्या दिवसाही राखेच्या ढिगात अंग घुसळत. पिसांतल्या उवा-पिसवांवर त्यांचा तोच उपाय. ठाकूरवाडीत काय आणि गावात काय, अंथरुणाचा प्रश्न एवढ्यावर भागे. कोंबड्याच मुळात पाच-दहा, दिवसभर बाहेर चरणाऱ्या; आत फक्त रात्र काढायची.

तुसाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, आणि ती गिरणीची गोष्ट आहे.

भाताच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. शंभर किलो भात भरडलं की वीस-बावीस किलो तूस वेगळं पडतं. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते लवकर कुजत नाही, गुरं ते खात नाहीत आणि राबालाही पाल्यासारखं उपयोगी पडत नाही. घरोघरी घिरटावर भात भरडलं जाई तेव्हा तूस टरफलाच्या आकारातच, जवळजवळ अख्खं निघे. सुपाने पाखडून ते अंगणाच्या कडेला टाकायचं. नंतर तांदूळ उखळात सडला की जो निघे तो कोंडा. तो गुरांना आणि कोंबड्यांना खायला. तूस निराळं, कोंडा निराळा, अशी ही बाईच्या हातची वाटणी होती.

हलर आला आणि ही वाटणी मोडली. एन्गेलबर्ग नावाच्या ब्राझीलमधल्या माणसाच्या कल्पनेतून निघालेलं आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कारखान्यात बनू लागलेलं हे यंत्र पुढे आशियाभर पसरलं. हलरमध्ये पोलादी रूळ आणि पातं यांच्यामध्ये भात रगडलं जातं. एका फेरीत तांदूळ पांढरा होतो, पण टरफल आणि कोंडा यांचा एकत्र भुगा होऊन खाली पडतो. मुसळ थांबलं, बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. कोंबडीच्या खुराड्याला मात्र त्या भुग्याचा काही फायदा नाही. त्यात कोंडा असल्याने कोंबड्या तो उकरून खातात आणि ओल लागली की तो आंबतो, बुरशी धरतो. १९५८ साली भात गिरण्यांसाठी कायदा झाला आणि पुढे रबरी रुळांच्या आधुनिक गिरण्यांना उत्तेजन मिळालं. रबरी रूळ टरफल नुसतं सोलून काढतात, त्यामुळे तूस पुन्हा अख्खं आणि कोरडं मिळू लागलं. फरक एवढाच, की आता ते अंगणात न पडता गिरणीच्या मागे ढीग होऊन पडत होतं आणि त्या ढिगाला मालक होता.

त्या ढिगाकडे पहिली नजर गेली वीटभट्टीवाल्यांची. उल्हासच्या खोऱ्यात दिवाळीनंतर भट्ट्या लागतात, कातकरी कुटुंबं पाथऱ्याच्या, म्हणजे विटा थापायच्या, कामाला उतरतात आणि विटांच्या थरांमध्ये जळणासाठी तूस लागतं. कधीकाळी फुकट उचलून नेण्याची वस्तू पोत्याच्या आणि ट्रकच्या भावाने विकली जाऊ लागली.

दुसरा मागणारा आला तो कोंबडीसाठीच, पण परसातल्या कोंबडीसाठी नव्हे. त्याचा उगम पोशीरपासून फार लांब, अमेरिकेच्या ओहायो राज्यात आहे. तिथे वूस्टरच्या कृषी प्रयोग केंद्रात डी. सी. केनार्ड १९४० च्या दशकात कोंबड्यांच्या घरातल्या अंथरुणावर प्रयोग करत होते. तोवरचा शिरस्ता असा, की अंथरूण वरचेवर काढून टाकायचं आणि जमीन स्वच्छ धुवायची. केनार्ड यांनी जुनं अंथरूण तसंच ठेवून त्यावर नवं घालत नेलं, तेव्हा त्यावर वाढलेल्या कोंबड्या स्वच्छ जमिनीवरच्या कोंबड्यांपेक्षा निरोगी निघाल्या. थरावर थर साचलेल्या या गादीत जिवाणू काम करत होते. विष्ठा जिरवता जिरवता ते एक पोषक घटकही तयार करत होते. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि तो घटक कोणता याचा उलगडा झाला. रक्ती हगवणीचे जंतू गादीतून थोडे थोडे पोटात गेल्याने पिल्लांत प्रतिकारशक्ती येते, हेही पुढे आलं.

भारतात ही रीत ‘डीप लिटर’ या नावाने आली आणि मराठी पुस्तिकांत ‘गादी पद्धत’ झाली. मात्र अंथरूण बदललं. ओहायोत लाकडाचा भुसा आणि मक्याची कणसं सहज मिळत; कोकणात त्या जागी तूस आलं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुण्याभोवती ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला, आणि मुंबईची मोठी बाजारपेठ हाताशी असल्याने कर्जत-खालापुरातही शेड दिसू लागल्या. नंतर करार पद्धत आली. तिच्यात पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, वीज, मजुरी आणि तूस शेतकऱ्याचं. पक्षी सहा आठवड्यांच्या आसपास विकायला जातो. दर खेपेला जमीन चुन्याने पोतारून दोन-तीन इंच ताजं तूस पसरायचं. हजारो पक्ष्यांची शेड असेल तर तुसाची गाडीच सांगावी लागते. कोंबडीखालचं अंथरूण पहिल्यांदाच घरखर्चाच्या वहीत एका ओळीने दाखल झालं.

आषाढात तीच ओळ जड होते. ओहायोतली गादी थंड, कोरड्या हिवाळ्यात मुरत असे. इथे शेडच्या जाळीतून झड आत येते आणि पाण्याच्या निपलखालची जागा ओली राहते. तूस पाणी फारसं शोषत नाही. त्याचा गुण मोकळं राहण्यात आहे: टरफलांमधून हवा खेळते आणि ओल वर येऊन सुकते. हवाच दमट असेल तर ती सुकणार कशी? दोन दिवस हात लावला नाही तर वर पोळी धरते, खाली अमोनिया कोंडतो आणि सकाळी पडदा उघडताच डोळ्यांत पाणी येतं. जाणता माणूस त्या वासाची वाट बघत नाही. तो खाली बसून मूठभर लिटर उचलतो आणि आवळून हात उघडतो. सगळं सुटून पडलं तर फार कोरडं, धूळ उडणार. लाडू वळून तसाच राहिला तर ओलं, आज चुना टाकून खालीवर करायला हवं. वळलेला लाडू बोट लावताच फुटला तर ठीक.

तुसाची गाडी अडली की लाकडाच्या वखारीकडे धाव घेतली जाते. लाकडाचा भुसा तुसापेक्षा जास्त पाणी पितो, पण करवतीचा बारीक भुसा लहान पिल्लं दाणा समजून टिपतात आणि ओला झाला की त्यात बुरशी वाढून पिल्लांच्या फुप्फुसाला त्रास होतो. म्हणून रंध्याचे छिलके बरे. प्लायवूड आणि एमडीएफच्या कामातला भुसा मात्र डिंक-रसायनांमुळे टाळलेला बरा. कर्जत परिसरातल्या फार्महाउसांवर हौसेने चार-सहा कोंबड्या पाळणारे मुंबईकर अशा छिलक्यांच्या बंद पिशव्या घेऊन येतात.

वापरलेल्या गादीचं काय होतं, हाही इतिहासाचाच भाग आहे. कोंबडखत भाजीवाल्या शेतकऱ्यांना हवं असतं. त्यामुळे तुसावर घातलेले पैसे थोडे परत येतात. पण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पक्ष्यांबरोबर खाद्य, अंडी आणि लिटरही नष्ट करावं लागलं. तोवर ज्या गादीकडे खत म्हणून पाहिलं जाई, तिच्यातून रोग गावभर जाऊ शकतो हे शेडवाल्यांच्या ध्यानात आलं.

परसातल्या गावठी कोंबडीचं अंथरूण दरम्यान दोन्ही बाजूंनी आटत गेलं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस वाड्या-वस्त्यांत पोचला. चूल पूर्ण विझली नाही, तरी राख कमी झाली. पेंढ्याचीही तीच गत. कोळंबा, झिनी अशा उंच वाढणाऱ्या जुन्या भातांची काडी लांब असे. बुटक्या सुधारित जातींनी दाणा जास्त दिला, पेंढा आखूड झाला. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात तर नांगरट नाही, भाताची मुळं कापणीनंतर जमिनीतच ठेवायची. म्हणजे पिकाच्या अवशेषांना आता मातीही हक्कदार झाली.

म्हणून चैत्र-वैशाखात, भट्ट्यांचा हंगाम उतरणीला लागला की, कळंब-पोशीरकडची घरं आपापली तजवीज करतात. गिरणीत भात भरडून घेताना तूस परत मागून घ्यायचं. ते युरियाच्या धुतलेल्या गोणीत भरून तोंड सुतळीने बांधायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर, धूर लागेल अशा जागी टांगायचं. खुराड्यातलं जुनं अंथरूण खरवडून राबाच्या ढिगावर जातं. मृगाचा पाऊस सुरू झाला की गोणीतून दर आठ दिवसांनी दोन ओंजळी खुराड्यात. आणि तळाला थोडं राखून ठेवायचं, कारण गौरी-गणपतीच्या सुमारास एखादी कोंबडी खुडूक होतेच.