वर्गातली माती

कुंभार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाक येते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या प्वेब्लो गावांच्या परंपरेत चाक नाही. तिथल्या बायका मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून मडकी घडवत आल्या. माती स्वतः खणायची, त्याआधी तिची प्रार्थना करायची. भाजताना तडकू नये म्हणून सान इल्डेफॉन्सोला तिच्यात ज्वालामुखीची राख घालतात, तर ॲकोमाला जुन्या खापरांचा चुरा. घोटायचा गुळगुळीत गोटा आईकडून लेकीकडे येई. शिकवणे असे वेगळे नव्हतेच. मुलगी शेजारी बसून पाहत असे.

ही विद्या वर्गात शिरली कशी, याचे मला कुतूहल आहे. कारण मुलीला त्या जागेवरून उठवले ते शाळेनेच. १८७९ मध्ये कार्लाइलला सरकारी वसतिशाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर इतर. मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलायला बंदी असे. सांता फेची शाळा १८९० ची. १९२८ च्या मेरियम अहवालाने या शाळांचे वाभाडे काढले, १९३३ मध्ये जॉन कॉलियर आयुक्त झाले आणि धोरण फिरले. पुढे १९६२ मध्ये त्याच सांता फे शाळेच्या आवारात आदिवासी कलांची संस्था उभी राहिली. तिथे मातीकाम शिकवणाऱ्या ओटेली लोलोमा होपी होत्या. त्यांचे या विषयातले शिक्षण मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात झाले होते!

सान इल्डेफॉन्सोच्या प्रसिद्ध मारिया मार्टिनेझही दोन वर्षे सांता फेच्या मिशनरी शाळेत होत्या. मडकी त्या शिकल्या निकोलासा मावशीजवळ, घरी. १९१९ च्या सुमारास त्यांचे पती हुलियन यांना काळ्यावर काळ्या नक्षीची युक्ती साधली. घोटलेल्या भांड्यावर पातळ मातीने नक्षी काढायची, उघड्यावर शेण्यांचा जाळ करायचा आणि ऐन भरात त्यावर घोड्याच्या लिदीचा भुगा लोटून विस्तव कोंडायचा. धूर आत दाबला की भांडे काळेभोर होते. घोटलेला भाग चमकतो, नक्षी निस्तेज राहते.

वर्गात वळ्या शिकवता येतात, घोटाईही. मुलांचे हात मातीला लागतात, हे मी कमी मानत नाही. पण भाजायला बहुधा विजेची भट्टी असते. शिक्षकांना दोष कसा द्यावा? शाळेच्या आवारात लिदीचा धूर कोण चालू देईल? त्या भट्टीत मोकळी हवा खेळते, आणि मारियाबाईंच्या हातचे भांडे ठेवले तरी ते लालच निघेल.