गर्दीने बांधलेली चाल

मे १९७७. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावाजवळ बिंगली हॉल नावाची एक प्रचंड शेड होती, शेतकी प्रदर्शनं आणि गुरांचे मेळावे भरवण्याची. तिथे ‘क्वीन’ या बँडचा कार्यक्रम झाला. शेवटचं गाणं झालं, कलाकार आत गेले, तरी लोक हलेनात. ‘वन्समोअर’चा पुकारा करण्याऐवजी सगळी शेड एका सुरात वेगळंच गाणं गाऊ लागली : लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या, हलायलाही जागा नसलेल्या हजारो माणसांना कार्यक्रमात भाग घ्यायचा असेल तर त्यांच्या हाती काय उरतं, असा प्रश्न त्याला पडला. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि गाता येतं. दोन ठोके आणि एक टाळी हा ‘वी विल रॉक यू’चा ताल असा जन्माला आला.

गर्दी जे गात होती, ते मुळात नाटकातलं पद होतं. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्या ‘कॅरोसेल’ या म्युझिकलसाठी ते लिहिलं गेलं, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर पहिल्यांदा गायलं गेलं. १९६३ मध्ये ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या लिव्हरपूलच्या बँडने त्याची रेकॉर्ड काढली आणि लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाने ते आपलं करून टाकलं. रंगभूमीवरून मैदानात, मैदानातून शेडमध्ये आणि तिथून एका नव्या गाण्याच्या मुळाशी. पंचवीस वर्षांनी त्या नव्या गाण्याचं नाव घेऊन एक नाटक उभं राहिलं. रंगमंच आणि गर्दी यांच्यातली ही देवाणघेवाण ज्यूकबॉक्स म्युझिकलचा, म्हणजे आधीच गाजलेल्या गाण्यांवर उभारलेल्या नाटकांचा, खरा इतिहास सांगते. ‘जुनी लोकप्रिय गाणी घेऊन गल्ला भरायची युक्ती’ एवढ्यावर तो विषय संपवणं अन्यायाचं होईल.

ध्वनिमुद्रणही गर्दीच्याच हिशेबाने झालं. उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ म्हणजे पूर्वीच्या एका चर्चची इमारत. तिथे मंडळींनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या दिल्या आणि ते पुन्हापुन्हा मुद्रित केलं. मे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. थोडी माणसं हजारोंसारखी ऐकू यायची तर प्रत्येक थर किंचित उशिराने यायला हवा, जणू माणसं वेगवेगळ्या अंतरांवर उभी आहेत, हे त्याने गणिताने बसवलं. गाण्यात ढोल-ताशाच नव्हे तर बास गिटारही नाही. गिटार येते तीही अगदी शेवटी. बाकी सगळी जागा ऐकणाऱ्यांसाठी मोकळी सोडलेली आहे.

ती जागा भरून घेण्याची हातोटी असलेला गायक होता फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला हा फारुख बलसारा शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळकरी पोरांचा बँड. वाजवायचा तो दुसऱ्यांची गाजलेली गाणी. ओळखीचं गाणं सुरू झालं की समोरचा श्रोता कसा फुलतो, याचे पहिले धडे त्याला सह्याद्रीच्या त्या पठारावर मिळाले.

ओळखीच्या सुरांवर नाटक उभारण्याची रीत मात्र ज्यूकबॉक्सपेक्षा फार जुनी. २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे याचं ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आलं. त्यात ६९ गाणी होती आणि बहुतेकांच्या चाली रस्त्यावर, गुत्त्यात आधीच तोंडी असलेल्या. पुस्तकात प्रत्येक गाण्यावर मूळ चालीचं नाव छापलेलं असे. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ दिलेली असते, तसंच. पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले, जे त्या काळी अभूतपूर्व होतं. नाटक बाथ, ब्रिस्टल, डब्लिन असं फिरलं आणि काही वर्षांत जमैकापर्यंत पोहोचलं. निर्माता जॉन रिच याच्याकडे इतका पैसा आला की त्याने १७३२ मध्ये कॉव्हेंट गार्डनला नवं थिएटर उघडलं.

ही जुनी रीत आधुनिक धंद्यात पक्की रुजवली ती ‘मामा मिया!’ने. १९९९ च्या एप्रिलमध्ये लंडनला आलेल्या या नाटकात ‘आबा’ या स्वीडिश बँडची गाणी आई-मुलीच्या गोष्टीत गुंफली होती. तीन वर्षांनी, १४ मे २००२ रोजी, लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये ‘वी विल रॉक यू’ आलं. लेखन बेन एल्टनचं. भविष्यकाळातली पृथ्वी, तिच्यावर ‘ग्लोबलसॉफ्ट’ कंपनीचं राज्य, वाद्यं बेकायदा, आणि लपवलेली गिटार शोधणारी गॅलिलिओ-स्कॅरामूश ही जोडी. समीक्षकांनी नाटकाच्या चिंध्या केल्या. संवाद आणि कथानकाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. गोष्ट खरोखर तकलादू आहे. पण लोक थिएटरात गात होते, टाळ्या देत होते, आणि त्याची नोंद परीक्षणांनी पुरेशा गांभीर्याने घेतली नाही. नाटक बारा वर्षं चाललं. ३१ मे २०१४ ला पडदा पडला, तेव्हा साडेचार हजारांहून अधिक प्रयोग झाले होते.

कथानकात एक जागा मात्र नेमकी साधलेली आहे. शोधाचा शेवट होतो तो वेम्बली स्टेडियमच्या अवशेषांत. याच वेम्बलीत १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत क्वीनने अवघ्या वीस-एकवीस मिनिटांत सुमारे ७२ हजार लोकांना एका तालावर आणलं होतं. नाटक आलं तेव्हा ते जुनं स्टेडियम बंद पडलेलं, पाडण्याच्या वाटेवर होतं. दोन हजार खुर्च्यांच्या डोमिनियनमध्ये बसून प्रेक्षक त्या महासागराची कल्पना करत होते.

दशकपूर्तीच्या निमित्ताने २०१३ मध्ये हे नाटक ब्रिटन-युरोपातल्या अरीनांच्या, म्हणजे मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांच्या, दौऱ्यावर निघालं, आणि ती कल्पना करायची गरज बरीच कमी झाली. अरीनामधलं म्युझिकल ही गोष्ट नवी नव्हती. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ १९७० मध्ये आधी रेकॉर्ड म्हणून आलं. त्याचा अधिकृत दौरा जुलै १९७१ मध्ये पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात सुरू झाला आणि ब्रॉडवेचा नंबर लागला तो त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. रॉकच्या गाण्यांना अरीनाच आधी आपलं मानतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

तरीही अरीना नाटकासाठी बांधलेला नसतो. बर्फावरचे खेळ, मुष्टियुद्ध, बास्केटबॉल यांची ही घरं. लंडनचा वेम्बली अरीना तर १९३४ मध्ये पोहण्याचा तलाव म्हणून उघडला. अशा ठिकाणी रंगमंच, दिवे, ध्वनिव्यवस्था सगळं ट्रकमधून आणून छतापासून टांगावं लागतं. सर्वांत अवघड भाग आवाजाचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो; ८० मीटरवरच्या प्रेक्षकाला मंचावरचा शब्द जवळजवळ पाव सेकंद उशिरा मिळतो आणि त्याची टाळी मंचाकडे यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. म्हणून मागच्या भागात वेगळे स्पीकर टांगतात आणि त्यांना विद्युत मार्गाने येणारा आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडतात, म्हणजे पुढून येणाऱ्या आवाजाशी त्याची गाठ पडते. मे याने स्टुडिओत गणिताने जो उशीर पेरला होता, तोच इथे अभियंत्यांना आवरावा लागतो.

इतकं करूनही गुंजणाऱ्या छताखाली बोलण्याची धार जाते. विनोदाला लागणारी नेमकी वेळ हुकते, नटाचा चेहरा पडद्यावर पाहावा लागतो. अरीनात कमावलं जातं ते गाण्यात. पाय आपटायला दोन हजारांऐवजी दहा हजार माणसं असली की ‘वी विल रॉक यू’ त्याच्या मूळ मापात ऐकू येतं. बिनशब्दांचा तो ताल संथ आहे, टाळीनंतर भरपूर मोकळी जागा आहे, त्यामुळे मागच्या रांगांचा उशीरही त्यात सामावतो.

एका बाबतीत तर नाटकाने अरीनाला बँडपेक्षा अधिक दिलं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेराचा भाग १९७५ मध्ये मे, मर्क्युरी आणि ड्रमर रॉजर टेलर या तिघांनी आवाजावर आवाज चढवून स्टुडिओत घडवला होता. तितक्या आवाजांत तो मंचावर गाणं त्यांना शक्य नव्हतं. मैफलीत तेवढा वेळ दिव्यांचा खेळ चाले, टेप वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताना कलाकार परत येत. नाटकात मुख्य गोष्ट संपल्यावर, प्रेक्षकांनी मागायचं म्हणून हे गाणं राखून ठेवलेलं आहे. तेव्हा अख्खा नटसंच मंचावर उभा असतो आणि तो मधला भाग सगळे मिळून, प्रत्यक्ष, आपल्या गळ्यांनी गातात.