रूळ नसलेल्या गावाचा रेल्वेपटू

दुर्बळ संघाच्या विजयाला क्रीडेतिहास सहसा चमत्काराचे नाव देतो. 2015-16 च्या हंगामात लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा असेच झाले. हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. त्यांचा जेमी वार्डी काही वर्षांपूर्वीपर्यंत व्यावसायिक लीगच्या बाहेरच्या क्लबांतून खेळत होता. त्या विजयाची वर्णने वाचताना आम्हां बीडकरांना आपल्याकडचा एक संघ आठवत राहिला. तो फुटबॉलचा नव्हे, क्रिकेटचा. आणि त्याचे नाव रेल्वे.

रणजी करंडकात हा संघ 1958-59 पासून खेळत आला. मुंबईने एव्हाना चौतीस विजेतेपदे मिळवलेली. रेल्वेजवळ एकही नव्हते. या संघाला प्रांत नाही, भाषा नाही, हक्काचा प्रेक्षकही नाही. कर्नाटकचा येरे गौड, ओडिशाचा कुलमणी परिडा, पंजाबचा हरविंदर सिंग, भोपाळचा जयप्रकाश यादव अशी नाना प्रांतांची माणसे त्यात एकत्र आली. त्यांना बांधणारा धागा एकच, रेल्वेची नोकरी. त्यांचे मैदान दिल्लीचे कर्नैलसिंग स्टेडियम, नवी दिल्ली स्थानकाच्या जवळच.

2000-01 मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोचला आणि बडोद्यात बडोद्याकडून अवघ्या 21 धावांनी हरला. असा पराभव पुष्कळदा संघ मोडून टाकतो. पुढच्याच हंगामात, 2001-02 मध्ये, अभय शर्माच्या नेतृत्वाखाली रेल्वे पुन्हा अंतिम फेरीत आली. समोर पुन्हा बडोदाच. या वेळी रेल्वेने 145 धावांनी विजय मिळवला. चार दशकांहून अधिक प्रतीक्षेनंतरचा हा पहिला करंडक. 2004-05 मध्ये पंजाबला मागे टाकून त्यांनी तो दुसऱ्यांदा मिळवला, तेव्हा पहिल्या यशाला योगायोग म्हणण्याची सोयही उरली नाही.

याच संघातून संजय बांगर घडला. जन्म 1972 चा, बीडचा. रेल्वेकडून त्याने 1993-94 मध्ये पदार्पण केले. कसोटी संघात येण्यास डिसेंबर 2001 उजाडला. ऑगस्ट 2002 मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्याने 236 चेंडूंत 68 धावा केल्या आणि द्रविडसोबत 170 धावांची भागी रचली. पुढे तेंडुलकर, गांगुली यांची शतके झाली आणि भारताने तो सामना एक डाव व 46 धावांनी जिंकला. शतके लोकांच्या लक्षात राहिली. त्यांच्या पायाखालची जमीन बांगरने धरून ठेवली होती, हे पुष्कळांना उमगलेच नाही. त्या खेळीतील सोशिकपणा आम्हांला रेल्वे संघाचाच स्वभाव वाटतो.

यातला विरोधाभास आम्हां बीडकरांना विशेष टोचतो. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली. परळीत गाडी होती, बीड शहरात नव्हती. आमच्या गावचा माणूस रेल्वेचे नाव घेऊन देशभर खेळत होता, पुढे त्या संघाचा कप्तानही झाला. आणि आम्ही मात्र त्या मार्गासाठी मोर्चे काढीत होतो. शहरात पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी.

रेल्वेच्या विजयाची मिरवणूक कोणत्याही गावाने काढल्याचे आम्हांला स्मरत नाही. आम्हीही तो आपला मानला नाही. कारण विजय आपला ठरवताना आपण प्रथम प्रांत पाहतो. त्या विजयामागे दैव नव्हते. महिन्याच्या पगाराची हमी, खेळण्याची मुभा आणि पुन्हा पुन्हा मिळणारी संधी यांतून तो उभा राहिला होता. त्याला चमत्कार म्हटले की ही व्यवस्था दृष्टीआड होते. आणि बीडसारख्या जिल्ह्यातील मुलांना आज गरज आहे ती नेमकी तिचीच.