भाग २३ : हुजूरपागेतली बाई पाड्यावर जाते तेव्हा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की अनुताई वाघ म्हटलं की आपल्याला एकच ओळ का आठवते? "कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या." ओळ चुकीची नाही, पण अर्धी आहे. अनुताईंचं जास्त अवघड काम मुलांना शिकवण्याचं नव्हतंच, असं मला वाटतं. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचं होतं. आजचा भाग त्यावर.

आधी थोडा हिशेब. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या शिकल्या, १९२९ मध्ये शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यात चांदवडला, मग पुण्यात हुजूरपागेत. मॅट्रिकसुद्धा नोकरी सांभाळून रात्रशाळेतून केलं. म्हणजे १९४५ साल उजाडलं तेव्हा त्यांच्या गाठीशी पंधरा-सोळा वर्षांचा वर्गाचा अनुभव होता. चांगली नोकरी होती, शहर होतं, ओळखी होत्या. आणि हे सगळं सोडून त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या.

ताराबाईंचा प्रवास उलट्या दिशेचा आहे, बरं का, आणि तो मला जाम आवडतो. त्या आधी राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात प्राचार्य होत्या. ते मानाचं पद सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या, थेट लहान मुलांत. आणि तिथला कारभार गुजरातीत! घरची भाषा मराठी आणि कामाची भाषा गुजराती, अशी कित्येक वर्षं त्यांनी काढली. दुसऱ्या भाषेत उभं राहून मुलासमोर बोलायचं म्हणजे काय, हे त्यांना ऐकीव नव्हतं. पुढे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार, आणि मग १९४५ मध्ये बोर्डी.

बोर्डी आज आपल्याला समुद्र आणि चिकू यांसाठी माहीत. त्या वर्षीचा तो पट्टा वेगळा होता. आसपासच्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव त्याच साली सुरू झाला होता, गोदावरी परुळेकरांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या घरांतली मुलं शाळेत येणार कशी? मोठं पोर गुरं राखतं, मधलं धाकट्याला कडेवर घेतं.

म्हणून शाळाच हलली. मुलं केंद्रात येईनात तर वस्तीच्या अंगणात बालवाडी भरवली, ती अंगणवाडी. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. मोठ्या बहिणीला वर्गात बसता यावं म्हणून धाकट्यासाठी पाळणाघर आणि बालवाडी शेजारीच. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शिंपले, खडे, बिया, पानं. मोजायला शिंपला आणि ठोकळा सारखाच चालतो.

हे सगळं पुस्तकांत सापडतं. ज्यावर कमी बोललं जातं ते असं : एक बाई किती अंगणांत जाणार? पाडे लांब लांब विखुरलेले. तेव्हा बालसेविका तयार करणं आलं, आणि १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला गेल्यावर ते काम वाढत गेलं.

आता भाषेकडे या. वारली ही मराठीला जवळची, पण मराठी नव्हे. शेजारी गुजराती. पुण्याच्या वर्गात बाईंचा शब्द आणि मुलीचा शब्द साधारण एकच असायचा. इथे मूल एका भाषेत स्वप्न बघतं आणि पाटी दुसऱ्या भाषेत बोलते. अशा वर्गात शिकवणाऱ्या सेविकेला काय सांगायचं? "मुलाचा शब्द चूक म्हणू नकोस, आधी तो घे, मग पुस्तकाचा शब्द त्याच्या शेजारी ठेव." सांगायला हे वाक्य पाच सेकंदांचं आहे. करताना मात्र सेविकेच्या अंगात मुरलेली सवय आडवी येते, कारण तिला स्वतःला शाळेत तसंच टोकलेलं असतं.

मी हे थोडं जवळून बघतो. चार वर्षं वर्ग घेतला, आता इतरांच्या वर्गात मागच्या रांगेत बसून नंतर बोलायचं काम करतो, पालघरच्याच बाजूला. समोर गणित अडलेलं दिसतं आणि हात शिवशिवतात. उठून खडू घेतला तर ती मुलं त्या दिवशी शिकतील, पण ताईंचा वर्ग त्यांच्या हातातून जाईल. आणि उद्या मी नसतो. गप्प बसणं हे कौशल्य आहे, ते डीएडला कोणी शिकवत नाही.

म्हणून मला अनुताईंच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते : त्यांनी वर्ग पूर्ण सोडला नाही. टेकडीवर मुलं रोज समोर होती, आणि शिकाऊ सेविका त्याच मुलांबरोबर काम करत होत्या. प्रशिक्षण सभागृहात आणि मुलं दुसरीकडे, अशी फारकत नव्हती. आपल्याकडे आज पीपीटीवर होणारी प्रशिक्षणं आठवा. असो, त्यावर बोललो तर भाग संपायचा नाही.

त्या स्वतःही शिकत राहिल्या. बीए झाल्या १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. म्हणजे इतरांना शिकवायला शिकवणारी बाई दिवसा सेविकांना समजावत होती आणि स्वतः परीक्षेचा अभ्यासही करत होती. शिकाऊ मुलींना हे दिसत असणारच. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर कोसबाडची धुरा अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशकं सांभाळली. पद्मश्री १९८५ मध्ये मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत किंवा द्विभाषिक वर्गात काम करत असेल, तर कमेंटमध्ये सांगा : मुलाचा पहिला घरचा शब्द तुमच्या वर्गात कुठे लिहिला जातो, फळ्यावर की कुठेच नाही? पुढच्या भागात भावनगरला जाऊ, गिजुभाईंकडे.