साताऱ्याची पायवाट आणि एमएसडब्ल्यू

आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले होते. सह्याद्री ओलांडून पोचले, तर म्हणे तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस! परीक्षेला बसूच दिलं नाही.

समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था टाटांची, मुंबईत नागपाड्याला, १९३६ सालची. पुण्यात १९६३ साली कर्व्यांच्याच नावाने आणखी एक निघाली. पण रत्नागिरीच्या मुलीला फीवर खोलीभाडं आणि खाणावळही आलीच. १९८५ साली इग्नू हे मुक्त विद्यापीठ झालं आणि पुढे घरी राहून एमएसडब्ल्यू करायची सोय झाली. कुठल्याही शाखेची पदवी चालते. आम्हाला ही वाट सगळ्यांत परवडणारी वाटते.

मात्र आपल्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी मनोरुग्णांसाठी समाजसेविका व्हायचं मनात असेल, तर थांबा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यासाठी एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल मागितलं आहे. एजंट हे सांगत नाहीत. म्हणून फी भरण्याआधीच विचारा, या पदवीवर नोंदणी नेमकी कशाची होते, आणि उत्तर लेखी मागा.