गिरणगावच्या जमिनीचा वारस

मुंबईच्या भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी आणि प्रभादेवी या वस्त्यांना मिळून गिरणगाव असे नाव पडले ते कोणा सरकारी ठरावाने नव्हे, तर तिथे राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. कोकणातील आणि घाटावरील असंख्य कुटुंबांत, तसेच बेळगाव आणि गोव्याकडील कित्येक घरांत, आजोबा किंवा पणजोबा 'मुंबईस गिरणीत होते' ही आठवण अजून सांगितली जाते. त्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. त्यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्या, गगनचुंबी निवासस्थाने आणि भव्य बाजारसंकुले उभी राहिली आहेत. या स्थित्यंतरास कोणी पुनरुज्जीवन म्हणतात, तर कोणी उच्चाटन. यांतला कोणता शब्द यथार्थ आहे, हे ठरवावयाचे असेल तर गिरणीच्या इमारतीपेक्षा तिच्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अलोट पैसा आला. त्या भरभराटीचा फुगा 1865 मध्ये फुटला खरा, परंतु तोपर्यंत रेल्वे आली होती, बंदर होते आणि भांडवल कोठे घालावे याची जाण आली होती. त्या काळच्या शहराच्या उत्तरेस मोकळी, स्वस्त जमीन होती. तिथे एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. यांपैकी काही जमिनी नाममात्र भाडेपट्ट्याने मिळालेल्या होत्या. उद्योग उभा राहावा, हजारो हातांना काम मिळावे, म्हणून शहराने त्या दिल्या होत्या, ही गोष्ट पुढील कथेसाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

कामासाठी माणसे आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून. बहुतेकांचे बिऱ्हाड गावी असे आणि मुंबईत राहणे गावकीच्या खोलीत. गोवेकरांनी मुंबईत आपापल्या गावच्या नावाने 'कूड' चालविले, त्याच धर्तीची ही व्यवस्था होती. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीची माणसे त्याच जागेवर पथारी पसरीत. सरकारच्या विकास खात्याने 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. या एकट्या पुरुषांना जेवू घालण्याचे काम खानावळवाल्या बायांनी केले. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुरव या गोवा मुक्तिसंग्रामातील सैनिक. गोव्यातील श्रोत्यांना हा दुवा विशेष जवळचा वाटेल.

या वस्तीने केवळ कापड विणले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये येथे गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि तिच्या खटपटीने 1890 मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. लोकमान्य टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. 1928 चा संप सहा महिने चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव अग्रभागी होते. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा डफ येथे घुमला आणि नारायण सुर्वे यांच्या कवितेला येथेच आपला माणूस सापडला. ज्या जमिनीवर एवढे घडले तिचे मोल केवळ चौरस फुटांत मोजता येत नाही. परंतु पुढे ते तसेच मोजले गेले.

गिरण्यांच्या ऱ्हासाचे सगळे खापर संपावर फोडण्याची पद्धत आहे. ती अर्धसत्य आहे. अनेक मालकांनी मिळालेला नफा नव्या यंत्रांत घातला नाही, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांचे कापड स्वस्त पडू लागले होते. अशा वेळी 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबविले. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच युनियनला बोलणी करण्याचा अधिकार होता आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, हेही संपाचे एक प्रमुख कारण होते. संप विधिपूर्वक मागे घेतला गेलाच नाही. तो हळूहळू विझला. पुष्कळांनी गावची वाट धरली. 1983 च्या ऑक्टोबरात सरकारने 13 गिरण्या ताब्यात घेतल्या, पण उतरती कळा थांबली नाही. दरम्यान शहर उत्तरेकडे वाढत गेले होते. एके काळचा शहराबाहेरचा माळ आता शहराच्या मध्यभागी आला होता, आणि कापडापेक्षा जमीन अधिक मोलाची झाली होती.

ही जमीन सुमारे 600 एकर. तिचे काय करावे याविषयी राज्य सरकारने 1991 मध्ये एक नियम केला. गिरणीची जमीन विकासाला काढावयाची तर तिचे ढोबळमानाने तीन भाग करावेत. एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाला. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. कोरिया हे गोव्याच्या घराण्यातले, सिकंदराबादेत जन्मलेले. गिरण्यांच्या सुट्या तुकड्यांचा एकत्र विचार करून रस्ते, मोकळ्या जागा व घरे यांची आखणी करावी, अशी त्यांची दृष्टी होती. पण 2001 मध्ये नियमच बदलला. वाटणी करावयाची ती संपूर्ण जमिनीची नव्हे, तर मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीचीच, असा अर्थ आला. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती, बांधकाम पाडल्यावरही, वाटणीत धरावयाची नाही! गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती कितीशी असणार? मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला. परंतु मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 2001 चा नियम कायम केला. 'मोकळी' या एका विशेषणाने शेकडो एकरांचा वारस बदलला.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने 2005 मध्ये आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन 702 कोटी रुपयांस, तर दादरच्या कोहिनूर गिरणीची 421 कोटींस गेली. फिनिक्स गिरणीच्या आवारात बाजारसंकुल झाले. तिची चिमणी तेवढी शोभेसाठी राहिली. दलालांनी परळच्या काही भागाला 'अप्पर वरळी' असे नवे नाव दिले. कचेऱ्या आल्या, नोकऱ्या आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रस्ते आणि रेल्वेचे पूल मात्र गिरणीच्या काळातलेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी, म्हणजे आता प्रभादेवी म्हटल्या जाणाऱ्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर, चेंगराचेंगरीत 23 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण दगावले. आखणीविना झालेल्या भरभराटीची किंमत अशी जुन्या आणि नव्या, दोन्ही रहिवाशांनी मोजली.

आणि कामगारांचे काय? 1989 मध्ये स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, तिचे नेते दत्ता इस्वलकर यांनी, प्रथम थकलेल्या देण्यासाठी आणि मग घरासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. गिरणीच्या जमिनीवरील घरांची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली. घरे होती 6,925. अर्जदार लाखाच्या वर. इस्वलकर 2021 मध्ये निवर्तले. कित्येक कामगार सोडतीची वाट पाहत पाहतच गेले आणि त्यांचे हक्क वारसांकडे आले.

तथापि रहिवाशांना न हलविता वस्ती सुधारता येतच नाही, हे म्हणणेही खरे नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये त्याच परिसरात 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 फुटांत तीन पिढ्या काढलेल्या घरांना याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र उंच इमारतीतील उद्वाहनाचा व देखभालीचा खर्च त्यांना पेलेल अशी व्यवस्था राहिली, तरच ही घरे त्यांच्याच मुलाबाळांकडे राहतील.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांना आपल्या घामाचे 224 कोटी रुपये मिळावयास डिसेंबर 2023 उजाडावा लागला. आणि मिळाले ते महापालिका व गृहनिर्माण मंडळ यांनी जमिनीविषयी तडजोड केली म्हणून. तिथेही कामगाराला अखेर तारले ते जमिनीच्या किमतीनेच. फक्त बत्तीस वर्षे उशिरा. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा जुन्या गिरण्यांच्या शहरांनी यातून घेण्यासारखा बोध उघड आहे. उद्योग मरतो तेव्हा त्याची जमीन बेवारस होत नाही. जिच्या दानातून ती मिळाली ती नगरी, ज्यांच्या श्रमाने तिला मोल आले ते कामगार आणि ज्याने भांडवल घातले तो मालक, असे तिचे तिघेही वारस. 1991 च्या नियमाने तिघांची नावे लिहिली होती. पुढे ज्या शहराच्या सभागृहात अशा जमिनीचा ठराव येईल, तिथल्या नागरिकांनी त्यातील विशेषणेसुद्धा नीट वाचून घ्यावीत.