कूलंटच्या बाटलीची कुळकथा

बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या बाजूला एक पांढुरकी प्लॅस्टिकची बाटली दिसते. बंगळुरूच्या उन्हाळ्यात फोर बाय फोर गाड्या तापायला लागल्या की संशय थर्मोस्टॅटवर जातो, वॉटर पंपावर जातो, फॅनवर जातो. या बाटलीकडे सहसा कुणी बघत नाही. माझ्या मते तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण तापलेल्या इंजिनातलं पाणी वाया जाऊ न देण्याची युक्ती ही तिची मूळ कामगिरी आहे आणि ती युक्ती वाळवंटात घडली.

सुरुवातीच्या मोटारी पाणी प्यायच्या. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं, आणि तेवढं पुन्हा भरायचं. 1888 साली बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला गेली तेव्हा तिला वाटेत मिळेल तिथे पाणी ओतावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने 1900 च्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर केला. त्यात बारीक चौकोनी नळ्या होत्या 8,070. आधी जिथे 18 लिटर पाणी लागायचं तिथे 9 लिटरवर भागू लागलं. तरी उकळलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावरच सांडायचं.

युरोपात ते चालून गेलं. लिबियन वाळवंटात कसं चालावं? तिथे 1920 च्या दशकाच्या अखेरीला राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी फोर्ड गाड्या घेऊन हिंडत होता. पाण्याचा प्रत्येक थेंब बरोबर न्यायचा, आणि मऊ वाळूत पहिल्या गिअरवर, वारा पाठीकडून, म्हणजे रेडिएटर उकळणारच. त्याने ओव्हरफ्लोच्या तोंडाला रबरी नळी जोडली आणि ती गाडीच्या कडेला बांधलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात बुडवली. वाफ डब्यातल्या पाण्यात जाऊन विरायची. डबाही उकळायला लागला की ड्रायव्हरच्या अंगावर कढत पाणी उडायचं. मग गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी करायची. मिनिटभरात आत वाफ आकसायची, गुडगुड आवाज यायचा आणि डब्यातलं पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही! यंत्रशास्त्रातल्या इतक्या साध्या आणि इतक्या उपयोगी युक्त्या मला फार थोड्या ठाऊक आहेत.

1940 साली बॅग्नोल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही ब्रिटिश लष्कराची वाळवंटी तुकडी उभी केली, तेव्हा तिच्या ट्रकांवर हे डबे, म्हणजे कंडेन्सर, होते. 1942 मध्ये एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीच्या विलीज जीपांनाही ते लागले. पुढच्या जाळीच्या बऱ्याचशा पट्ट्या कापून काढायच्या, म्हणजे वारा आत येईल, आणि समोर दंडगोल डबा बसवायचा. युद्धानंतर हीच विलीज जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि आपल्याकडच्या फोर बाय फोरची परंपरा तिथून सुरू झाली.

डब्याची बाटली झाली ती झाकणामुळे. रेडिएटरचं झाकण उलटं धरून बघा. स्प्रिंगवर बसलेली रबरी चकती दाब धरून ठेवते, आणि मधोमध पितळेची छोटी टिकली असते, ती नखाने हळूच ओढली तर उघडते. पहिली कुकरच्या शिट्टीचं काम करते, दुसरी गाडी गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत घेते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर, म्हणून इथे उघड्यावर पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणावर 1.1 (बार) लिहिलेलं असेल आणि रबर धड असेल तर तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलं की आणखी थोडी सवलत. रबराला भेग पडली की ही सगळी सवलत गेली. एप्रिल 2016 मध्ये या शहरात तापमान 39.2 अंशांपर्यंत गेलं होतं. अशा दिवशी सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रेंगाळणं आणि लो रेंजवर दगडांतून चढणं इंजिनाला सारखंच, समोरून वारा नाही आणि सगळा भार फॅनवर.

त्यात इथलं बोअरवेलचं जड पाणी. ते ओतत राहिलं की नळ्यांत क्षार बसतात. शहरातल्या जे. सी. रोडवर जुने पितळी रेडिएटर खोलून नळ्यांतून सळई फिरवून देतात. नव्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला हा उपाय चालत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरावं, आणि चिखलातून आल्यावर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट धुवावी.

झाकण रेडिएटरवर असलेल्या गाड्यांत एक दोष फसवा असतो. झाकणापासून बाटलीकडे जाणारी नळी चिरली, की गार होताना कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते. बाटली 'मॅक्स'पर्यंत भरलेली, आत रेडिएटर रिकामा, आणि मालक निर्धास्त. तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, झाकण उघडून आत बघा. कूलंट तोंडापर्यंत नसेल तर ती नळी बदला. इतर कशावर पैसे घालण्याआधी.